विश्वजितची पोटरी आणि माझी

मत्सर हा आपला प्रांतच नाही, असं मी लग्नाआधीच शुभदाला ठणकावून सांगितलं होतं. विश्वजितची पोटरी आमच्या जेवणात येईपर्यंत ते खरंही होतं.

शुभदा नेरूळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात पीएचडी करते. पाय गमावलेल्या माणसाला कृत्रिम पाय बसवला, की उरलेल्या पायाचं मांस त्याच्या कवचात दाबलं जातं, जखमा होतात. ते मांस किती दबेल, किती ताणलं जाईल, हे कॉम्प्युटरवर आधीच कळलं तर कवच नीट घडवता येईल. म्हणून ती लोकांच्या पोटऱ्या यंत्राच्या बोथट दांडीने दाबून मोजते. मला तिचा अभिमान आहे. पण एकदा भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, की लॅबमधल्या विश्वजितची पोटरी म्हणजे कमाल आहे, दाबून सोडली की लगेच जागेवर येते.

हा विश्वजित पाम बीच रोडवर सायकल हाणतो. मी न्हावा शेवा बंदरातले कंटेनर कस्टममधून सोडवतो, तेही खुर्चीत बसून.

"माझी मोज की," मी म्हणालो.

मी लिफ्ट सोडली. ऑफिसात टाचा उचलून उभा राहू लागलो. पलीकडच्या टेबलावरची सरस्वती साहेबांकडे तक्रार घेऊन गेली, की हा दिपेश, म्हणजे मी, सारखा तिच्या डब्यात डोकावतो.

लॅबमध्ये शुभदाने पाय सैल सोडायला सांगितलं. विश्वजित हाफ पँट घालून समोरच उभा. त्याच्यासमोर सैल सोडणार कोण? मी श्वास रोखून पोटरी अशी आवळली, की दांडीच बिचारी थबकली.

"सैल आहे ना?" शुभदाने विचारलं.

"एकदम."

माझे आकडे घातले आणि तिचं सगळं गणित कोसळलं. कॉम्प्युटर माझ्या पोटरीला लाकूड समजू लागला. दुसऱ्या दिवशी तिच्या गाईड जयमाला मॅडम काम बघायला येणार होत्या. आपलं समीकरणच चुकलं या धसक्याने ती जेवलीसुद्धा नाही. मी फक्त चहा करून दिला.

सकाळी तिने मॅडमसमोर मला पुन्हा मोजायला घेतलं. आज तर मॅडमही बघत होत्या, म्हणून मी आणखी आवळली. आणि पायात असा गोळा आला, की मी बोंबलत थेट विश्वजितच्या गळ्यात पडलो. त्याने मला खाली बसवून माझ्या पायाचा अंगठा ताणून धरला.

"दादा, तुम्ही पोटरी ताठ धरत होता का?" त्याने हळूच विचारलं.

शुभदाने माझ्याकडे पाहिलं. मला सगळं सांगावं लागलं, कमाल पोटरीसकट. ती चिडेल असं वाटलं होतं, पण समीकरण बरोबर निघाल्याच्या आनंदात ती खुर्चीत बसून हसतच सुटली.

गोळा उतरल्यावर तिसऱ्यांदा मोजलं, खरोखर सैल सोडून. मॅडम स्क्रीनवर वाकल्या आणि म्हणाल्या, की असा नमुना आपण कधीपासून शोधतोय. यावर वेगळं प्रकरणच लिहायला हवं. विश्वजितची पोटरी एका ओळीत आटपणार होती. त्याचा चेहरा पडला. मी त्याच्या खांद्यावर थोपटलं, अगदी मोठ्या मनाने.

मग शुभदाने त्या प्रकरणाचं नाव टाइप केलं: 'बराच काळ वापरात नसलेला स्नायू'.