गोलकीपर झोपतो कुठे?

"अरे मालाकी, माझ्या पोराच्या पलंगाखाली काय शोधतोयस? बूट तरी काढ, चिखल बघ किती!"

"हद्द शोधतोय, अट्रॅक्टा. टेपवरचा पाय उचल जरा."

मालाकी टायर्नी म्हणजे किलब्रॅकच्या फुटबॉल क्लबचा चिटणीस. बावीस वर्षं तोच, कारण दुसऱ्या कुणाला तो होऊच देत नाही. आमच्याकडे नियम असा, की जो ज्या चर्चच्या हद्दीत झोपतो, तो त्या गावाकडून खेळतो. अट्रॅक्टाच्या वाडीत, कोराबेगात, घरं चारच, पण किलब्रॅक आणि ड्रमलीनची हद्द त्यांच्याच मधून जाते. रविवारी फायनल याच दोन गावांची. आणि किलब्रॅकच्या गोलकीपरला गाईनं लाथ घातली, दोन बोटं गेली कामातून. पंचक्रोशीत दुसरा गोलकीपर एकच, अट्रॅक्टाचा डेक्लन. तो ड्रमलीनचा.

"जन्मल्यापासून याच खोलीत झोपतो तो," अट्रॅक्टा म्हणाली.

"हो, पण खोली कुठे झोपते ते नको बघायला?"

तेवढ्यात ड्रमलीनची कोच नोरीन बोहन धाडकन आत आली. "लाज नाही वाटत? टेप लावून पोरं पळवतोस?"

"ओरडू नकोस. फादरच्या कपाटातला नकाशा आणलाय, शिक्क्याचा. नकाशा म्हणेल ते मान्य, असं लिहून दे. मीही देतो."

नोरीननं रागारागात सही ठोकली. मालाकीनं तिच्याखाली स्वतःची, लफ्फेदार.

नकाशा पलंगावर पसरला. रेघ घराच्या मागच्या चरातून जात होती. म्हणजे आख्खं घर, पलंगासकट, किलब्रॅकमध्ये! मालाकी नाचायचाच बाकी होता.

"मला कुणी विचारणार आहे का?" दारात उभा डेक्लन म्हणाला.

"नाही," दोघं एकदम म्हणाले.

नोरीनचं बोट मात्र रेघेवरून पुढेच चाललं होतं. "मालाकी, तुझं घर चुन्याच्या भट्टीच्या पलीकडे ना रे?"

"हो. का?"

"रेघ भट्टीच्या अलीकडून जाते. तू ड्रमलीनचा. तुझी जुळी पोरंही."

जुळ्यांपैकी एक किलब्रॅकचा कॅप्टन, दुसऱ्याशिवाय त्यांचा गोल होत नाही. मालाकीनं नकाशा उचलून उजेडात धरला.

"नकाशा जुना आहे गं," तो पुटपुटला.

"सही ताजी आहे. जर्सी कुठल्या मापाची लागते पोरांना?"

पुढचं मला विचारू नका, मला आता तिकडेच निघायला हवं. ड्रमलीनवाले जर्सी घेऊन मालाकीच्या घरी पोचलेत, आणि त्याची बायको, मूळची ड्रमलीनची, त्यांना चहा ओततेय.