बाळूअण्णांच्या पोटऱ्या

बाळूअण्णा रोज सकाळी अंगणात उभे राहून स्वतःच्या पोटऱ्या मोजत. लुंगी गुडघ्यावर खोचलेली, हातात शिंप्याची टेप, आणि आकडा मला वरच्या मजल्यावर ऐकू येईल एवढ्या आवाजात. "डावी साडेतेरा! उजवी साडेतेराला स्वल्प कमी!"

आता मी हेब्बाळला उंच इमारतीत राहतो, शेजाऱ्याचं नावही ठाऊक नाही. तेव्हा नुकताच पुण्याहून या कानडी शहरात आलो होतो आणि यशवंतपुरात अण्णांचा भाडेकरू होतो. अण्णा मूळचे निपाणीचे. सारी नोकरी एका सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये, सुटे भाग मापात घडवण्यात झालेली, त्यामुळे त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी: मापातल्या आणि मापाबाहेरच्या. कोपऱ्यावरची इडली मापात, जावई मापाबाहेर.

पोटऱ्यांचं प्रकरण कोलेस्टेरॉलच्या गोळीपासून सुरू झालं. हृदयात स्टेंट बसवल्यावर डॉक्टरांनी स्टॅटिन दिलं आणि काही दिवसांत अण्णांचे पाय दुखायला लागले. त्यातच त्यांनी कुठंतरी वाचलं, की या गोळीनं काहींचे स्नायू दुखतात, दुखावलेला स्नायू भरून यायलाही वेळ लागू शकतो. झालं! "रक्त साफ करायला निघालेत आणि माझं मशीन ढिलं करताहेत!" मग दूधवाला असो की ऑटोवाला, प्रत्येकाला पोटरी दाबून बघावी लागे. "घट्ट आहे? सरी, ठीक आहे."

त्यांच्या पत्नी कुसुमअक्कांची डावी बाजू अर्धांगवायूनं गेली होती. रोज संध्याकाळी अण्णा त्यांना उचलून तीन पायऱ्या उतरत आणि नारळाखालच्या खुर्चीत बसवत. कुणी हात लावायला गेलं, की "बाजूला हो!" पण हल्ली अक्काच नको म्हणायच्या. कधी डास आहेत, कधी कंटाळा आलाय.

एकदा मी अण्णांबरोबर दवाखान्यात गेलो. तिथं कळलं, की दीड महिना त्यांनी गोळीच घेतली नव्हती. डॉक्टर भडकले. अण्णा खाली बघत म्हणाले, "छातीचं काय व्हायचं ते होऊ दे, डॉक्टर. त्या दिवशी पायरीवर पाय लटपटले. ती हातात होती."

डॉक्टरांचा आवाज खाली आला. त्यांनी रक्त तपासून घेतलं; स्नायूंना इजा दिसली नाही. "दुखणं दर वेळी गोळीचंच असतं असं नाही. पण दुखलं तर मला सांगा, परस्पर बंद करू नका," असं म्हणून त्यांनी दुसरी गोळी दिली, कमी मात्रेची. ती अण्णांना मानवली. पाय सुधारले.

तरी अक्का बाहेर यायला तयार होईनात. शेवटी मीच म्हटलं, "अक्का, अण्णांचे पाय आता बरे आहेत."

जड जिभेनं, एकेक शब्द जुळवत त्या म्हणाल्या, "डास कुठले, तम्मा. यांचे पाय थरथरायचे, ते मला कळत नव्हतं होय?"

दारात अण्णा उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते आत आले, वाकून अक्कांच्या पाठीखाली हात घातला. मग माझ्याकडे बघितलं.

"तू त्या बाजूनं धर."

आम्ही दोघांनी त्यांना खाली आणलं. अण्णा शेजारी जमिनीवरच टेकले. मग अक्का म्हणाल्या, "उद्याही आणा."