मामंजी कंपाउंडवर बसलेत

धुरपदामावशीनं मला पहिल्याच दिवशी घोरपडीपुढं पदर घ्यायला लावला.

झालं असं, आम्ही देवळाईत नवीन राहायला आलो, पार डोंगराच्या अंगाला. चार घरं झालेली, बाकी सगळे मोकळे प्लॉट. माझं माहेर भर शहरात, औरंगपुऱ्यातलं, तिथं गल्लीत माणसाला माणूस घासतंय, जनावर म्हणजे फक्त मांजर. आन् इथं शेजारी ही एकटी म्हातारी, जन्मभर मेंढरं राखलेली, काठी काय हातातली सुटत नाय. तिनं भिंतीवरून हाक मारली, "पोरी, घोटभर च्या टाक गं. माझे मामंजी आलेत."

मामंजी म्हणजे सासरा! ह्या म्हातारीचा सासरा म्हणजे शंभरीचा असंल, माय! मी पळत च्या टाकला. पण अंगात गाऊन, पदर कुठून आणू? लेकीचं, परीचं दुपटं वाळत होतं तेच ओढलं डोक्यावर, कडेवर परी, हातात कप, आन् मान खाली घालून गेले. "कुठायत?" म्हणलं. तिनं काठीनं दाखवलं. कंपाउंडवर ही एवढी घोरपड, पोट टेकून उन्हात पसरलेली, जीभ आत-बाहेर, आत-बाहेर.

कप तिथंच फुटला. मी घरात कशी आले मला ठाऊक नाय. मागून मावशी ओरडतीय, "अगं भितीस काय? आपलंच माणूस हाय! आन् च्या मला पायजे होता, ते नाय पीत!"

मंग हळूहळू कळलं, तिचा सगळा गोतावळाच डोंगरातून येतो. मुंगूस म्हणजे धाकला दीर. "थांबा की भावजी, घास खाऊन जा," म्हणेपर्यंत तो दगडाखाली पसार. "असाच हाय तो, पाण्याला बी टेकत नाय." समोरच्या प्लॉटवर टिटवीनं उघड्यावर अंडी घातली, ती थोरली जाऊ. "दुसऱ्याच्या जागेत बसली, आन् वर मलाच शिव्या देती!" मोर म्हणजे जावई. "नुसती मान ताठ. कामाचं नाव नाय, पण आला की सगळ्यांनी बघत बसायचं." सापाचं मात्र ती नाव घेत नाय. "लांबचे सोयरे ते. बोलवायचं नाय, आले तर अडवायचं नाय."

आमच्या ह्यांना लई हसू यायचं. ते वाळूजला कंपनीत, सकाळी गेले की दिवस बुडाल्यावर घरी, भ्यायला मी एकटीच ना! मी दारं लावून, खिडक्या लावून, मोरीच्या भोकात फडकं कोंबून बसायची. बाहेरून मावशीचा आवाज, "आत उबून जाशील! लेकराला माती लागू दे जरा."

एक दिवस ऐकलं तिचं. तिच्या अंगणात गोधडीवर परीला बसवलं, मावशी ज्वारी निवडत होती, मी दूध बघायला आत आले. परत येते तर परी रांगत रांगत पार कोपऱ्यात, आन् पुढं मामंजी! पोरीचा हात शेपटीला लागायचाच बाकी! मी फाटकातूनच किंचाळले. मावशी उठली. पळाली नाय, काठी बी उगारली नाय. परीला अलगद उचललं आन् घोरपडीवरच तापली, "मामंजी, लेकरू हाय ते! वयाला शोभतं का? व्हा तिकडं!"

आन् ते धूड खरंच सरकलं की भिंतीकडं!

पण मला काय ते पुरे झालं. ह्यांना फोन केला, "मी चालले माहेरी. औरंगपुऱ्यात खोली बघा, तवाच परत येईन." पिशवी भरली, रिक्षा बोलावली.

मावशी फाटकापाशी आली. थांब म्हणाली नाय. परीला काजळाची तीट लावली, बोट पदराला पुसत उभी राहिली. कायतरी बोलावं म्हणून मीच विचारलं, "मावशी, जावई तेवढा येतो, तुमची लेक कुठंय?"

"लेक नाय झाली मला. दोन पोरं, दोघं बी पुण्याला."

"आन् तुमचे खरे दीर?"

"हाय की दौलताबादला. येत नाय. जावेनं तर बोलणंच टाकलं. मेंढरं होती तवा हाक मारली की शंभर तोंडं वर व्हायची बघ. ती इकली, मंग हाक कुणाला मारू? हे येतेत, ह्यांनाच मारते."

"पण लेक नाय तर जावई कुठून आला, मावशी?"

"तो दारात आला म्हणल्यावर लेक बी असंलच की कुठंतरी." तिनं माझ्या पिशवीचा सुटलेला बंद घट्ट बांधला. "हाय म्हणा. पण लई भित्री. जरा काय झालं की पिशवी भरती."

रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. "दीदी, चलना है की नई?" माझं तर नाकच गळायला लागलं होतं. तेवढ्यात त्यानं कंपाउंडकडं बघितलं. मामंजी परत वर चढून बसलेले, मान वर करून त्याच्याकडंच बघतायत. "या अल्ला!" म्हणून त्यानं रिक्षा अशी वळवून पळवली, मी सीटवरली पिशवी ओढून घेतली म्हणून ती तरी राहिली.

मी परीला मावशीच्या कडेवर दिलं, दुपटं डोक्यावर ओढलं.

"च्या टाकते," म्हणलं. "तवर त्यांना म्हणावं, हलू नका जागचे."