सांधा नसलेला चाकू

चाकू घ्यायचा असं ठरवून मी घरातून निघालोच नव्हतो. मी निघालो होतो बल्ब आणायला. बल्बाच्या दुकानाला लागून रानावनात भटकणाऱ्यांच्या सामानाचं दुकान आहे. त्याच्या काचेमागे तो ठेवला होता. वीतभर लांबीचा, दिसायला अगदी साधा, न मिटणारा चाकू. पातं थेट मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं, म्हणजे पातं आणि मूठ मिळून पोलादाचा एकच तुकडा. त्यावर दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या, पितळेच्या खिळ्यांनी बसवलेल्या. सोबत जाड चामड्याचं म्यान. ना बटण, ना स्प्रिंग, ना बिजागरी.

मी विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासतो. इतकी वर्षं मोडक्या वस्तूंचे फोटो पाहून माझं एक मत बनलं आहे, की वस्तू मोडते ती सांध्यात. शिडी बिजागरीत मोडते, चष्मा काडीच्या मुळाशी, नळ गळतो तो जोडावर. (माझा गुडघाही याच मताचा आहे.) आणि इथे समोर अशी एक वस्तू होती जिला सांधाच नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या शिकाऱ्याच्या कमरेलाही असाच चाकू असणार, आणि त्यालाही त्यात काही सुधारावंसं वाटलं नसणार. मला एकदम शांत शांत वाटलं. बल्ब राहिला.

"बल्ब आणलात?" बायकोने अंधारातून विचारलं.

"हे बघ काय आणलंय!"

तिने मोबाइलच्या उजेडात बघितलं. "हे होल्डरमध्ये बसेल?"

"अगं, याला सांधा नाही. म्हणजे यात बिघडण्यासारखं काही नाहीच."

"नशीबवान आहे," ती म्हणाली, आणि शेजारणीकडे बल्ब मागायला गेली.

आता चाकू कशासाठी, ते सांगायला हवं. दर वर्षीची माझी आठवड्याची रजा आम्ही बायकोच्या मोठ्या बहिणीकडे घालवतो. ताई मायाळू आहेत. त्यांचे यजमान, म्हणजे माझे साडू, दातांचे डॉक्टर आहेत. त्यांचा दवाखाना घराच्या तळमजल्यावर आणि पाहुण्यांची खोली बरोबर त्याच्या डोक्यावर. सकाळी जाग येते ती ड्रिलच्या आवाजाने, आणि जेवताना विषय असतो हिरड्यांचा. या वर्षी रजेत तळ्याकाठी तंबू ठोकून राहावं, असं माझ्या फार मनात होतं. तीन माणसांचा तंबूही मी आणून ठेवला होता. बायकोने शांतपणे अट घातली.

"एक रविवार तळ्यावर काढून दाखवा. मी कशालाही हात लावणार नाही. जमलं तर सुट्टी तंबूत. नाही जमलं तर ताईकडे, आणि तिथे तोंड पाडून बसायचं नाही."

मी मान्य केलं. फक्त गाडी साडूंची असल्यामुळे ताई आणि साडूही सोबत येणार, असं ठरलं. म्हणजे परीक्षा मला द्यायची होती आणि परीक्षक चार होते, आमची कन्या धरून.

तयारीत एकच उणीव होती. म्यान किंचित सैल होतं. चालताना आत चाकू खुडखुड वाजे. मी दुकानदाराला फोन केला.

"नवं चामडं आहे साहेब. थोडं भिजवा, चाकू आत घाला आणि सावलीत हळूहळू वाळू द्या. अंगाला बसेल."

'थोडं' हा शब्द आमच्या दावे विभागात चालत नाही. थोडं म्हणजे किती? कमी पडायला नको म्हणून मी म्यान रात्रभर बादलीत बुडवून ठेवलं. शनिवारी सकाळी चाकू आत घातला आणि सावलीत ठेवला. संध्याकाळी ते जसंच्या तसं ओलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. तेव्हा 'हळूहळू' हा शब्दही मी बाजूला ठेवला आणि ओव्हन लावला.

"काय भाजताय?" बायको.

"म्यान."

"बाबा," कन्या नाकाला रुमाल लावून म्हणाली, "कुणाचा तरी बूट शिजल्यासारखा वास येतोय."

"ताज्या चामड्याला असाच वास येतो."

बाहेर काढलं तेव्हा ते काळपट, आक्रसलेलं आणि लाकडासारखं टणक झालं होतं. मी कानाशी धरून हलवलं. खुडखुड बंद! चाकू अंगाला बसला होता. (तो बाहेर काढून बघावा हे मला सुचलं नाही. नीट आत गेलाय, याच आनंदात मी होतो.)

रविवारी सकाळी मी आणखी एक काम केलं. बायकोने सवयीने टोपलीत टाकलेली स्वयंपाकघरातली सुरी हळूच काढून ठेवली. साडूंच्या किल्ल्यांच्या जुडग्याला एक इवलासा घडीचा चाकू असतो, तोही त्यांना घरी ठेवायला लावला.

"आज घडीचं काही नको डॉक्टर. एकच हत्यार, पण खरं."

"तुमचा दिवस आहे साडूभाऊ," म्हणत त्यांनी तो निमूटपणे काढून दिला.

तळं सुंदर होतं. सावली होती, वारा होता. मी सतरंजी अंथरली आणि तिच्यावर कलिंगड, अख्खा पाव, चीजची वडी, काकड्या अशी मांडामांड केली. बायकोने ठरल्याप्रमाणे हात मांडीवर ठेवले होते. मी कमरेला चाकू लावून उभा राहिलो आणि सांध्यांविषयी दोन शब्द बोललो. (कन्येच्या मते ते पाऊण तास चाललं.) मग मुठीला हात घातला आणि ओढला.

चाकू आला नाही. माझा पट्टा आला.

मी पुन्हा ओढला. पँट वर आली, म्यान जागचं हललं नाही.

"मदत करू का?" साडूंनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत मला ती धंद्याची चमक दिसली. त्यांनी म्यान पट्ट्यातून सोडवून माझ्या हातात दिलं, मूठ स्वतः धरली आणि मनगटाला हलके हलके झोके देत ओढू लागले.

"दुखत असेल तर हात वर करा," ते सवयीने म्हणाले.

मी दोन्ही गुडघ्यांत म्यान धरून मागे रेलून बसलो. ते ओढत होते, मी घसरत होतो. शेवटी दोघे सतरंजीसकट काकड्यांवरून पाण्याकडे निघालो.

"याची मुळं खोल आहेत," साडूंनी निदान केलं. "म्यान कापावं लागेल."

"कशाने?" ताईंनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"माझी सुरी आहे टोपलीत," बायको म्हणाली.

"ती... मी घरी काढून ठेवली."

"का?"

"गरज पडणार नाही म्हणून."

दूर कुठे तरी एक बदक ओरडलं. माझ्या डोळ्यांपुढे पाहुण्यांची ती खोली उभी राहिली आणि खालून ड्रिल सुरू झालं.

बायकोने मांडीवरचे हात उचलले. चाकू माझ्याकडून घेतला, तळ्यात म्यानासकट बुडवला आणि वर एक धोंडा ठेवला.

"पाण्यात घालून बिघडवलंत, तर पाण्यातच सुटेल."

"अगं, पोलाद आहे, गंजेल!"

"गंजू दे. बसा."

मग तिने कलिंगड खडकावर आपटलं. ते मस्त फुटलं. पाव हातांनी तोडला. ताईंनी चहाच्या पुडीचा दोरा सोडवून चीजच्या वडीतून असा ओढला की गुळगुळीत काप पडले. कन्येने काकड्या मधोमध मोडल्या. सगळे कोपरापर्यंत चिकट झाले आणि हसायला लागले. बायकोला इतकं मोकळं हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहत होतो. मी एका कडेला बसून बिया वेचत होतो.

जेवण संपल्यावर तिने धोंडा बाजूला केला आणि मूठ धरून सहज खेचली. लोण्यातून यावा तसा चाकू बाहेर आला. पातं उन्हात लखलखत होतं.

"काय सुरेख आहे हो!" साडू मनापासून म्हणाले. "हातात वजन कसं छान बसतं."

पण कापायला काहीच उरलं नव्हतं. शेवटी कन्येला दया आली. तिने टोपीचा एक लोंबता दोरा माझ्यापुढे धरला. तो मी कापला. एका फटक्यात!

परतताना गाडीत मी साडूंच्या शेजारी बसलो होतो. मागे तिघी. गाव जवळ आलं तसा मी धीर केला.

"मग... सुट्टीचं काय करायचं?"

"तंबूतच जायचं," बायको म्हणाली.

माझा कानांवर विश्वास बसेना. "खरंच? एवढं सगळं होऊनसुद्धा?"

"एवढं सगळं झालं म्हणूनच. किती मजा आली! चाकूही हवाच बरं का, छान आहे. ताईचंही ठरलंय. आम्ही दोघी आणि ही."

"आणि मी?"

"तंबू तिघांचाच आहे ना? तुम्हीच निवडून आणलाय."

"मग मी आठवडाभर जाऊ कुठे?"

"हे काय विचारणं झालं?" साडू माझ्याकडे वळून प्रेमाने म्हणाले. "यायचं आपल्या घरी. आणि ती मागची दाढ बरीच किडलीये हो तुमची. आठवडा पुरेल."

त्यांना ती दिसली, कारण माझं तोंड अजून उघडंच होतं.