पवन हजर नाही

नायगावकडून येताना आमच्या गावाअलीकडे जो माळ लागतो, तिथे शासनाने पवनचक्की उभारली. कुठे कोळसा जाळून वीज करतात, कुठे पाणी अडवून. इथे ती वाऱ्यापासून करायची ठरली. सर्वांत जास्त आनंद शिवकांताबाईला झाला. तिची पिठाची चक्की होती, घर त्या चक्कीवरच चालायचे आणि विजेची लाईन जेमतेम चार दळणे होईपर्यंत टिकायची.

नोंद करताना कार्यालयात एका शब्दाचे दोन झाले: पवन चक्की. साहजिकच ती पवन नामक इसमाची पिठाची चक्की ठरली आणि रीतसर तपासनीस आले. माळावर नरसिंग राखणीला होता. पवन कुठे आहे, असे त्याला विचारण्यात आले.

"आज आलाच न्हाई, सायेब," नरसिंग म्हणाला. "लई लहरी हाय. आला की मात्र गरागरा फिरवतो."

चालक गैरहजर, पीठ निरंक, असा शेरा पडला. चक्की बंद असण्याचे कारण शोधता वीजजोडणी नसल्याचे आढळले. शासनाची एवढी मोठी चक्की विजेवाचून पडून राहावी, याचे साहेबांना मनापासून वाईट वाटले. जोडणी तातडीने मंजूर झाली. मात्र गावाला एकाच चक्कीपुरता भार मंजूर असल्याने शिवकांताबाईची तोडावी लागली.

ती कार्यालयात गेली. "सायेब, ती वीज देणारी चक्की हाय. तुमी तिलाच वीज देऊन राहिलात."

"बाई, तुमची चक्की कशावर चालायची?"

"विजेवर."

"मग ही कशावर चालणार?"

ती तशीच गावी परत आली. साहेबांच्या प्रश्नाचे उत्तर, खरे सांगायचे तर, आम्हीही शोधले नाही.

उद्घाटनाला पाहुण्यांनी बटण दाबले. पाती फिरू लागली आणि भर उन्हाळ्यात माळावर गार वारा सुटला. ऊर्जा कधी नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते, असे पाहुणे म्हणाले. शिवकांताबाई तेव्हा घरी जात्यावर बसली होती. चक्की बंद पडल्यावर तिच्याकडे दुसरे काही उरले नव्हते.

आम्ही टाळ्या वाजवल्या. उकाडा फार होता आणि वारा बरा लागत होता. तुम्हीही हे पंख्याखाली बसूनच वाचत असाल. वाचा निवांत. लाईन कुणाची तोडून आणली, हे आम्हीही विचारले नव्हते.