ताकातली किल्ली

हैदराबादच्या हिमायतनगर भागात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये किशनरावांनी फोटो स्टुडिओ उघडला त्याला त्या रविवारी एक्केचाळीस दिवस झाले होते, आणि एवढ्या दिवसांत त्यांच्या स्टुलावर बसलेलं एकमेव गिऱ्हाईक म्हणजे दुधी भोपळा. भोपळ्याचे त्यांनी दोनशे फोटो काढले. डावीकडून उजेड, उजवीकडून उजेड, छत्रीतून उजेड. भोपळा हलला नाही, त्यानं डोळे मिटले नाहीत, जाड दिसतोय अशी तक्रारही केली नाही. पण शेवटी भोपळा तो भोपळाच. चौथ्या दिवशी त्याची भाजी करावी लागायची आणि ती एकट्या माणसाला दोन दिवस पुरायची.

किशनराव मुदखेडच्या पोस्टातून निवृत्त झाले. वर्षभरात बायको गेली, म्हणून मुलगा नागसेन त्यांना हैदराबादला घेऊन आला. आणि आणून आठ महिने होत नाहीत तोच त्याची स्वतःची बदली पुण्याला झाली. तो, सून आणि नात पिंकी तिकडं गेले, किशनराव फ्लॅट सांभाळायला राहिले. आता फ्लॅटला सांभाळायचं काय असतं? तो काही रात्री उठून पळून जात नाही. दर रविवारी अकरा वाजता नागसेनचा फोन यायचा. जयभीम अप्पा, जेवलात का, गोळ्या घेतल्या का, आणि चौथ्या मिनिटाला, "बरं, ठेवू का?" ते 'ठेवू का' झालं की पुढच्या रविवारपर्यंत त्या घरात मराठी शब्द म्हणून ऐकू येत नसे.

स्टुडिओ हा छंद आहे असं ते सगळ्यांना सांगत. खरं कारण वेगळंच होतं. माणूस घरी यायला काही निमित्त लागतं. किराणा दुकानात माणूस पाच मिनिटं थांबतो, फोटोला चांगला अर्धा तास बसतो, असा त्यांचा विचार. मागच्या रविवारी तर त्यांनी नागसेनला थापही ठोकून दिली होती की लोकांची नुसती रीघ लागली आहे. नागसेन खुश होऊन म्हणाला, मग पुढच्या फोनच्या आधी एखादा फोटो पाठवा, पिंकीलाही बघायचाय. तेव्हा आज अकराच्या आत किशनरावांना एक चेहरा हवा होता. भोपळा चालणार नव्हता, पिंकीनं ओळखला असता.

साडेनऊला बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधल्या तारामतीबाई. वय साठीच्या पुढं, अंगावर नारायणपेठी साडी, केसांत गजरा. वर्षभर दोघांची ओळख म्हणजे कॉरिडॉरमध्ये "पानी आया क्या?" आणि "हौ, आया" एवढीच. भाजीवाल्याशी त्या तेलुगूत बोलायच्या, दारावर आधीच्या मालकाची तेलुगू पाटी होती, म्हणून किशनरावांनी त्यांना तेलुगू ठरवून टाकलं होतं. किशनरावांच्या दारावर इंग्रजीत नुसतं 'एन. के.' होतं, त्यावरून बाईंनी काय ठरवलं होतं कुणास ठाऊक. बोलण्यावरून कळावं, तर हैदराबादच्या हिंदीत मराठीतला 'नको' आणि 'च' कधीचे घुसून बसले आहेत. तिथं कोण कुठला ते बोलण्यावरून ओळखायची सोयच राहिलेली नाही.

"मेरा एक फोटो निकालते क्या?" बाई म्हणाल्या. त्यांच्याजवळ म्हणे पासपोर्टाचा एकच फोटो होता आणि त्यात त्या चोरासारख्या दिसत होत्या. उद्या काही बरंवाईट झालं तर लेक तोच मोठा करून भिंतीवर लावणार, आणि मेल्यावरही भिंतीवरून चोरासारखं बघत राहायचं, हे काही त्यांना पटत नव्हतं. एकच अट होती, साडीचा काठ पायापर्यंत दिसला पाहिजे.

किशनरावांना इतका आनंद झाला की त्यांनी स्टुलावरचा भोपळा उचलून सोफ्यावर ठेवला आणि तिथं ठेवताना त्यालाच "बैठो" म्हणाले.

पण काठानं घात केला. किशनरावांची लेन्स होती पंच्याऐंशी मिलिमीटरची. कोठी बाजारातल्या दुकानदारानं शपथेवर सांगितलं होतं, चेहऱ्याला हीच घ्या, नाक नाकाएवढंच दिसतं. ते खरंच होतं. फक्त या लेन्सला माणूस लांबून बघायची सवय असते आणि पायापासून डोक्यापर्यंत माणूस मावायचा तर चांगलं वीस-बावीस फूट मागं जावं लागतं, हे सांगायला तो विसरला. हॉल अकरा फुटांचा. त्यातही मागं टांगलेल्या कागदावर सावली पडू नये म्हणून स्टूल चार फूट पुढं ठेवलेलं. किशनराव मागं सरकले, बाई गुडघ्यापर्यंत आल्या. दारात गेले, पोटरीपर्यंत आल्या. कॉरिडॉरमध्ये बाईंच्या बंद दाराला पाठ टेकली, तरी काठ नाही तो नाहीच.

"मेरे घर में जाओ ना पीछे," बाईंनी स्टुलावरूनच हुकूम सोडला. मग त्याच उठून आल्या, किल्लीनं आपलं दार सताड उघडून दिलं, सवयीनं किल्ली आत ठेवली आणि परत जाऊन बसल्या. किशनराव त्यांच्या हॉलमध्ये शिरले. आता दोन दारांतून आरपार सगळं दिसत होतं. गजरा, चेहरा, काठ, पाय. एवढ्यात बाई म्हणाल्या, गरम होतंय. कागद फडफडू नये म्हणून पंखा बंद होता, तेव्हा त्यांनी हात लांब करून बाल्कनीचं दार उघडलं. किशनरावांनी बटण दाबायला आणि बाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वारा सुटायला एकच गाठ पडली. बाईंचं दार धाडकन बंद झालं.

किशनरावांनी दार उघडायला हात घातला तर आतली मूठच नव्हती. बाहेरून बाईंनी सांगितलं की ती सहा महिन्यांपूर्वीच निघाली, दार आतून बाहेरून किल्लीनंच उघडतं, आणि किल्ली आतच आहे.

"चाबी किधर है?"

"ताक में है. ताक में देखो."

किशनरावांनी पुन्हा विचारलं. बाई म्हणाल्या, हौ, ताक मेंइच. रोज तिथंच ठेवते.

आता बाईमाणसाशी, त्यातून एवढ्या दिवसांनी मिळालेल्या पहिल्या गिऱ्हाइकाशी वाद कोण घालणार? चोराच्या भीतीनं लोक किल्ली कुठंही ठेवतात, असं मनाला समजावत ते स्वयंपाकघरात गेले. फ्रीजमध्ये ताकाचं पातेलं होतंच. पळी कुठं असते ते ठाऊक नव्हतं आणि परक्या बाईचे खण उघडणं त्यांना बरं दिसेना. त्यांनी साबणानं हात धुतला, बाही वर केली आणि हात ताकात घातला. थंडगार ताकात तळापर्यंत चाचपलं. कढीपत्ता लागला, आल्याचा तुकडा लागला, किल्ली काही लागली नाही.

बाहेरून आवाज आला, "मिली क्या?"

"नहीं मिली," किशनराव हात ताकातच ठेवून ओरडले, आणि मग जे पोटात होतं ते ओठावर आलं. "काय बाई आहे! ताकात किल्ली कोण ठेवतं ओ? वर्षभरानं एक माणूस आलं, तर ते असलं!"

आपण मोठ्यानं बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं. ते धावत दाराजवळ आले तर बाहेरून हळूच आवाज आला. "अवो, तुम्ही मराठी हायेत का?"

किशनरावांचा हात कोपरापासून ठिबकत होता. "मुदखेडचा," ते म्हणाले. "तुम्ही?"

"आम्ही भोकरचे. माय माय, अवो ताक म्हणजे कोनाडा! चाळीस वर्षं झाली, इकडं सगळे ताकच म्हणतात. दाराच्या उजव्या अंगाला बघा."

उजव्या अंगाला भिंतीत कोनाडा होता. त्यात दिवा होता, दिव्यापाशी किल्ली होती. आणि कोनाड्याच्या वर, सोनेरी चौकटीत, तारामतीबाईंचा चांगला हातभर फोटो होता. हीच नारायणपेठी साडी, असाच गजरा, आणि काठ पायापर्यंत. किशनरावांनी तो दोनदा बघितला आणि मग दार उघडलं.

बाई आत आल्या त्या हसतच. त्यांनी थेट पातेलं काढलं आणि दोन पेले मांडले. लहानपणी किशनरावांना गावात ताक मागायला गेलं की उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागायचं आणि वरून ओतलेलं ताक लोट्यात झेलावं लागायचं. ते अजून त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. लपवून काही उपयोग नव्हता.

"मी हात घातलाय त्यात," ते म्हणाले. "कोपरापर्यंत. आणि आम्ही जयभीमवाले."

"हात धुतला होता का?"

"साबणानं."

"मग झालं तर," म्हणून बाईंनी पेला तोंडाला लावला आणि अर्धा रिकामा करून खाली ठेवला. किशनरावांनीही आपल्या पेल्यातला एक घोट घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ताक फार आंबट आहे असं त्यांनी सांगितलं.

मग धीर करून त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. तुमच्याजवळ तर एकच चोरासारखा फोटो होता ना?

बाई जराशा लाजल्या. "महिना झाला, दारातून दिसायचं. रोज छत्र्या उघडता, दिवे लावता, अन् भोपळ्याचा फोटो काढता. वाटलं, ह्यांच्याकडं पण कुणी येत नाही." त्यांनी पेला गोल फिरवला. "पण नुसतं कसं यायचं?"

"ताकाला जाऊन भांडं लपवलंत म्हणा की."

"अन् तुम्ही? छंद म्हणं छंद!"

दोघंही हसायला लागले तेव्हा समोरच्या फ्लॅटमध्ये फोन वाजत होता. अकरा वाजले होते. किशनरावांनी आजवर पहिली रिंग कधी पूर्ण होऊ दिली नव्हती, आज ते सातव्या रिंगला पोचले. नागसेननं आधी फोटो मागितला. कॅमेऱ्यात त्या सकाळचा एकच फोटो होता. तो त्यांनी जसा होता तसा पाठवून दिला. बंद दार, मूठ निघाल्यावर उरलेली दोन भोकं, सगळं कसं लख्ख.

"अप्पा, यात माणूस कुठाय?"

"दाराच्या पलीकडं."

नागसेनला काही कळलं नाही. तो गोळ्यांचं विचारायला लागला, मग जेवणाचं. अजून दुसरंच मिनिट चाललं होतं. कॉरिडॉरपलीकडून तारामतीबाईंनी विचारलं की कढी केली तर भोपळ्याची भाजी तुमच्याकडून येईल का.

"बरं," किशनराव फोनमध्ये म्हणाले, "ठेवू का?"