तिसरी आणि आठवी कुंडी

बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी निवृत्त ग्रंथपालांनी अंगणातल्या दहा कुंड्या अकारविल्हे लावून टाकल्या.

त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. जाताना ती म्हणाली होती, "थंडीचे दिवस आहेत, झाडांकडे बघा. काय करायचं ते लिहून तुमच्या त्या बागेच्या पुस्तकात ठेवलंय. म्हणजे सापडेल तरी." ग्रंथपालांनी पुस्तक उघडलं ते पहिल्या पानापासून. प्रस्तावना गाळून पुढे जाणं त्यांना चोरी केल्यासारखं वाटे. चित्रं बघून त्यांनी आठ झाडं ओळखली, प्रत्येकाला चिठ्ठी लावली आणि अनंतापासून शेवंतीपर्यंत भिंतीलगत ओळ लावली. उरल्या दोन कुंड्या. दोन्हींत बोटाएवढी जाड, राखाडी, पान नसलेली एकेक काठी. चित्रांत त्यांच्यासारखं काहीच नव्हतं. निनावी लेखकांची पुस्तकं ठेवावीत तशा त्यांनी त्या शेवटी ठेवल्या आणि कंबर धरून चहा केला.

तिसऱ्या दिवशी 'हिवाळ्यातील निगा' हे प्रकरण आलं आणि त्यात बायकोचा कागद निघाला. त्यावर झाडांची नावंच नव्हती, नुसते आकडे होते.

"१. छाटून झालंय. कात्री हातात घेऊ नका.
३. आईच्या दारचा चाफा. मेल्यासारखा दिसतो, पण झोपलाय. पाणी नको, हातही लावू नका.
८. हाही चाफाच, पण मेलाय. उपटून कुंडी धुऊन ठेवा."

आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून: "कुंड्या हलवू नका."

ग्रंथपाल पायरीवरच बसले. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांचं घर विकलं गेलं, दारचा चाफा नव्या मालकांनी तोडला. त्याची ही एवढीच फांदी उरली होती, आणि ती त्या दोन काठ्यांपैकी कुठली, हे आता जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. कुंड्याही मेल्या सगळ्या एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या.

पन्नास वेळा निरखून पाहिलं तरी डावी काठी अधिक झोपलेली की उजवी, हे काही ठरेना. हात लावून बघावं, तर मनाई. तेव्हा दोघींनाही झोपलेलं धरायचं ठरलं. पाणी दोघींना बंद. गारठा वाढला तशा दोघी बैठकीत आल्या, खिडकीजवळच्या खुर्च्यांवर बसल्या. एकीला माफलर, दुसरीला बिनबाह्यांचा स्वेटर. ग्रंथपालांनी रेडिओचा आवाजही कमी केला.

महिना असा गेला. बायकोचा रोज फोन येई.

"झाडं बरी आहेत ना?"

"आहेत की." खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे ते लगेच नातवाकडे वळत. "बाळ काय म्हणतंय?"

एके दुपारी मात्र त्यांना राहवलं नाही. "अगं, एक विचारू? नुसतं झोपलेलं आणि खरंच मेलेलं, हे बाहेरून कसं ओळखायचं?"

पलीकडे तिनं बाळ लेकीकडे दिलं.

"तुम्ही जेवलात का?"

"हो."

"छातीत वगैरे दुखत नाही ना?"

"छे गं, सहज विचारलं."

अर्ध्या तासात शेजारी डॉक्टरांना घेऊन दारात हजर. डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, जीभ बघितली. शेजाऱ्यांची नजर मात्र खुर्च्यांवर खिळली होती.

"काका, हे काय हो?"

"हळू बोला," ग्रंथपाल म्हणाले. "झोपल्यात. म्हणजे एक झोपलीये. एक बहुतेक गेलीये."

डॉक्टरांनी रक्तदाब पुन्हा घेतला.

बाहेर जाऊन शेजाऱ्यांनी फोन लावला. "काकू, तब्येत ठणठणीत आहे. पण काकांनी दोन काठ्यांना लोकरीचे कपडे घालून खुर्चीत बसवलंय. तुम्ही आलात तर बरं."

मिळेल ती गाडी धरून ती आली. अंगणातून आत येतानाच तिनं चिठ्ठ्या लावलेली ओळ पाहिली आणि काय झालंय ते ओळखलं. ग्रंथपाल उभेच होते, उशिरा पुस्तक परत करायला आलेल्या मुलासारखे.

"चुकलं माझं. कागद सापडायच्या आधीच हलवल्या. तुझ्या आईचा चाफा कुठला, मला नाही सांगता येत."

ती खुर्चीपाशी गेली, माफलर सारला, नखानं साल जराशी खरवडली. टचकन दुधाचा पांढरा थेंब वर आला. तिच्या डोळ्यांतही आला.

"ही आई," ती म्हणाली. मग डोळे पुसत विचारलं, "बरं, कुंड्या हलवल्या नसत्या, तर तिसरी कुठून मोजणार होतात?"

"दारापासून. आणखी कुठून?"

"मी नळापासून लिहिलंय. पाणी घालायला तिथूनच सुरुवात करते ना."

ग्रंथपालांनी बोटांवर मोजलं. दहा कुंड्या. नळाकडून तिसरी, ती दाराकडून आठवी. पुन्हा मोजलं, कारण पहिल्या वेळच्या मोजणीवर त्यांचा कधीच विश्वास नसे. मग ते मटकन खाली बसले.

"म्हणजे मी तुझं ऐकलं असतं, तर..."

"उपटून कुंडी धुऊन ठेवली असतीत." ती हसत त्यांच्या शेजारी टेकली. "तुम्ही सगळं नीट करता ना, त्याचीच भीती वाटते मला."

तिनं त्यांच्या अंगावरची शाल सारखी केली. मग त्यांनी हळूच दुसऱ्या खुर्चीकडे बोट केलं. "आणि ती?"

ती उठली, दुसऱ्या काठीलाही नख लावून पाहिलं. आत नुसता कोरडा भुसा. तिनं मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. महिनाभर स्वतःचा स्वेटर त्या काठीला देऊन ते शाल गुंडाळून बसले होते.

"हिची झोप जरा गाढ आहे," ती म्हणाली आणि स्वेटरचं वरचं बटण लावून टाकलं.